शिवराई वाचता यावी म्हणून: घरी नाण्यांचे फोटो काढण्याच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४

अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, नाण्यांची नोंद फोटोंसकट करायची. हे काम आजपासून सुरू. त्यांची वही आहेच: प्रत्येक नाण्यापुढे वजन, व्यास, कुठून मिळालं आणि वाचन. शिवराईंच्या पानांवर ‘वाचन’ या रकान्यात पुष्कळ जागा कोऱ्या आहेत, कारण झिजलेली अक्षरं त्यांना आता भिंगातूनही लागत नाहीत. माझं उद्दिष्ट एवढंच, की नाणं टीव्हीच्या पडद्यावर ताटाएवढं दिसावं आणि अप्पांनी खुर्चीत बसून ते वाचावं. फोटो देखणा येतो का, हा नंतरचा प्रश्न.

शिवराई हे १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सुरू झालेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही हाच मजकूर चालू राहिला, अगदी इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत. त्यामुळे हातातलं नाणं कोणत्या काळातलं हे मजकुरावरून कळत नाही. अक्षरांचं वळण, ‘ति’ की ‘ती’, ‘शिव’ की ‘सिव’, मजकुराशेजारची चिन्हं, ठिपक्यांची ठेवण, हे बघावं लागतं. त्यात चकती साच्यापेक्षा लहान, म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच सापडतो. अशा नाण्याची वेलांटी फोटोत हरवली तर नोंदीचा उपयोगच संपला.

१५ ऑक्टोबर

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स किती जवळ जाते ते पाहिलं. सेन्सरवर मूळ आकाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास प्रतिमा पडते. म्हणजे २१ मिलिमीटरची शिवराई सेन्सरवर ७ मिलिमीटरची, आणि सेन्सरची उंची १५ मिलिमीटर. निम्म्याहून जास्त चौकट वाया. शिवराईला ०.६५ पट तरी हवी. ३० मिलिमीटरच्या राणीछाप रुपयाला ०.४८ पुरते.

खरी मॅक्रो लेन्स महाग आहे. घरात ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स आहे आणि तिच्या मागे एक्स्टेन्शन ट्यूब लावता येते. ट्यूबमध्ये काच नसते, लेन्स सेन्सरपासून लांब नेणारं नुसतं नळकांडं असतं. हिशेब सोपा: ट्यूबची लांबी भागिले फोकल लांबी, अधिक लेन्सची स्वतःची पट. माझ्या लेन्सची स्वतःची पट फार तर ०.१५. त्यामुळे १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या संचातून:

रुपयाला २० ची ट्यूब (०.४ ते ०.५५),
शिवराईला १२ अधिक २० (०.६४ ते ०.७९),
अर्ध्या शिवराईला, म्हणजे निम्म्या किमतीच्या लहान नाण्याला, ३६ ची (०.७२ ते ०.८७).

संच मागवला. विजेची जोडणी असलेलाच घेतला, कारण माझ्या लेन्सवर छिद्राची कडी नाही. जोडणी नसेल तर एफ-आकडा, म्हणजे छिद्र किती उघडं याचं माप, बदलताच येत नाही.

२० ऑक्टोबर

ट्रायपॉडवर कॅमेरा खाली तोंड करून लावला की त्याचे पाय दिव्याच्या वाटेत येतात. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका जुन्या स्टुडिओत डार्करूममधला एन्लार्जर, म्हणजे फिल्मवरून मोठे फोटो छापायचं यंत्र, पडून होता. तिथल्या काकांनी त्याचं डोकं उतरवून खालची पाटी आणि उभा दांडा मला दिला. दांड्यावरच्या सरकत्या पकडीत पाव इंची स्क्रूनं कॅमेरा बसला. मूठ फिरवली की कॅमेरा वर-खाली होतो. फिल्मच्या काळात अशा यंत्रांवर माणसांनी किती चोख काम केलं असेल, हे ती मूठ फिरवताना कळतं; कुठेही हिसका नाही.

आता महत्त्वाचं: सेन्सर आणि नाणं समांतर हवेत. पाणसळ कॅमेऱ्याच्या बाहेरच्या अंगावर ठेवावी लागते आणि ते अंग सरळ असेलच असं नाही. त्यापेक्षा आरसा बरा. नाण्याच्या जागी छोटा आरसा पालथा न ठेवता उताणा ठेवायचा आणि पडद्यावर पाहायचं. लेन्सला स्वतःचंच तोंड दिसतं. ते गोल तोंड चौकटीच्या मधोमध आलं की कॅमेरा ओळंब्यात आहे.

शिवराईच्या पटीला एफ ८ वर जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोली स्पष्ट येते. अक्षरांचा उठाव त्याहून खूप कमी, म्हणजे एवढी खोली पुरते. पण हातोड्याखाली घडलेली चकती मुळातच वाकडी असते. तिथे खोडरबरावर नाणं ठेवून ज्या कडेला लागेल तिथे कागदाची घडी सारायची.

एफ १६ वर जाऊन उपयोग नाही. एवढ्या जवळून एफ ८ चाच परिणाम सुमारे एफ १३ सारखा होतो; आणखी छिद्र लहान केलं की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच थोडं मऊ पडतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा ठिपक्यांच्या कडांवर फरक सरळ दिसला.

२४ ऑक्टोबर

पंखा बंद, दोन सेकंदांचा टायमर, कॅमेऱ्याच्या आतला आरसा आधीच वर. वॉशिंग मशीन चालू असताना काम करायचं नाही. आयएसओ १००, शटर साधारण एक अष्टमांश सेकंद. साध्या एलईडी दिव्याचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, त्यामुळे वेगवान शटरला एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट येऊ शकतो. मंद शटरला हा प्रश्न उरत नाही.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये डब्यातून बाहेर आले. पूजा झाल्यावर त्यांचेही फोटो घ्यायचे ठरलं. १८६२ च्या रुपयावर व्हिक्टोरियाच्या केसांच्या रेषांत कितीतरी वर्षांचं कुंकू बसलंय.

पूजेला आलेल्या मावशी म्हणाल्या, “चिंच लावून घास, फोटोत लख्ख दिसतील.” अप्पांनी लगेच हात वर केला. “लख्ख नको हो. आहे तसंच हवं.”

मीही त्यांच्याच बाजूची आहे, आणि फोटो काढायला लागल्यापासून जास्तच. तांब्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षं जो काळपट थर चढतो, तो खोलगट भागात टिकतो आणि अक्षरांच्या माथ्यावरून हाताळताना निघून जातो. म्हणजे अक्षर उजळ आणि त्याच्या भोवतीची जमीन गडद. वाचायला यापेक्षा सोयीचं काही नाही. चिंच किंवा लिंबू लावलं की सगळं एकाच रंगाचं होतं, वर आम्लानं पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, आणि ते परत भरून येत नाहीत. नाणं कडेला धरायचं, हवेच्या रबरी फुग्यानं धूळ उडवायची, बस्स. कुंकू तसंच राहील. तोही त्या रुपयाचा इतिहास आहे.

९ नोव्हेंबर

दिवा.

ट्यूबलाइट बंद, पडदे ओढलेले, फक्त एक वाकवता येणारा टेबल-लॅम्प. नोंदीसाठी घड्याळाची भाषा ठरवली: नाणं म्हणजे तबकडी, वरचा काठ १२. दिवा कुठल्या आकड्याच्या दिशेला आहे आणि टेबलापासून किती उंच आहे, एवढं लिहिलं की तोच फोटो पुन्हा काढता येतो.

दिवा उंच, लेन्सच्या जवळ: रंग छान, पृष्ठभाग समान उजळ, पण झिजलेली अक्षरं जमिनीत मिसळून जातात. दिवा खाली, टेबलालगत: प्रत्येक उंचवट्याची सावली लांब पडते, अक्षरं उठतात, पण ओरखडेही तितकेच उठतात आणि नाणं आहे त्याहून खडबडीत वाटतं. म्हणजे एकाच फोटोत दोन्ही गोष्टी मागायच्या नाहीत. प्रत्येक बाजूचे दोन फोटो: एक ‘रूप’, दिवा उंच; एक ‘वाचन’, दिवा खाली. अप्पांना हा विभाग लगेच पटला. वहीतही त्यांचे दोन वेगळे रकाने आहेतच, ‘स्थिती’ आणि ‘वाचन’.

१० नोव्हेंबर

कालचा एक ‘वाचन’ फोटो टीव्हीवर लावला तर अक्षरं नाण्यात कोरलेली, आत गेलेली दिसत होती. नाणं तेच, उठाव तोच. दिवा ६ च्या बाजूला, म्हणजे खालून होता. आपला डोळा प्रकाश वरून येतो असं धरून चालतो. सूर्य वर, दिवा वर. सावली अक्षराच्या वरच्या अंगाला पडली की मेंदू त्या उंचवट्याला खड्डा समजतो. फोटो उलटा फिरवल्यावर अक्षरं चटकन वर आली.

म्हणून नियम: दिवा ९ ते ३ या वरच्या अर्ध्यातच. आणि फोटो काढल्यावर कॉम्प्युटरवर फिरवायचा नाही, कारण फोटोबरोबर प्रकाशाची दिशाही फिरते. नाणंच टेबलावर सरळ लावून घ्यायचं. शिवराईच्या दोन बाजूंचा मेळ ठरलेला नसतो. ‘श्री’ सरळ धरून नाणं पालटलं तर ‘छत्र’ तिरपं किंवा उलटं येऊ शकतं. प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे सरळ करायची आणि दोन्हींमधला कोन वहीत लिहायचा.

१७ नोव्हेंबर

आजची नोंद मी मोठी करणार आहे, कारण या कामातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आज हाती लागली.

एक शिवराई, मागची बाजू. वरची ओळ ‘छत्र’ स्वच्छ. खालच्या ओळीत ‘प’ नक्की, ‘त’ नक्की, पण वेलांटी पहिली की दुसरी ते कळेना. दिवा १२ ला होता. अप्पांसाठी कॅमेरा तारेनं टीव्हीला जोडला होता, त्यामुळे जे कॅमेरा पाहतो तेच ते पडद्यावर पाहत होते. मी दिवा हळूहळू १२ वरून ११, १०, ९ कडे नेत गेले. ९ जवळ येताच ‘त’ च्या उजवीकडे एक उभी रेघ उगवली. अप्पा खुर्चीतून पुढे सरकले. “थांब, थांब! दुसरी आहे. ‘पती’.” दिवा परत १२ वर नेला तर रेघ नाहीशी झाली.

कारण सरळ आहे. प्रकाश ज्या दिशेनं जातो, त्याच दिशेनं धावणाऱ्या कड्याला सावलीच पडत नाही. प्रकाशाच्या आडव्या येणाऱ्या कड्याला भरपूर पडते. उभ्या रेषेला दिवा बाजूनं हवा, आडव्या रेषेला वरून. देवनागरीचा कणाच मुळात उभा आणि आडवा. काना, वेलांटीची दांडी, ‘श’ चा आणि ‘प’ चा उभा दंड, हे सगळे १२ च्या दिव्यात झोपतात. उलट दुदांडी शिवराईवर ओळींच्या मधे ज्या दोन आडव्या रेघा असतात, त्या ९ च्या दिव्यात जवळजवळ जमिनीत जातात. अप्पांच्या वहीत ‘साधी?’ असं प्रश्नचिन्ह असलेली एक शिवराई लगेच काढून १२ च्या दिव्याखाली ठेवली. दोन्ही दांड्या दिसल्या, वरची पूर्ण, खालची अर्धी.

म्हणून ‘वाचन’ फोटोचे आता तीन उपप्रकार: ९, साडेदहा आणि १२. साडेदहाच्या दिव्यात उभ्या-आडव्या दोन्ही रेघा मध्यम उठतात, तो नोंदीचा मुख्य फोटो. ९ आणि १२ हे पुरावे. कुणी ‘ती’ वाचली तर ती कुठल्या प्रकाशात वाचली हे सांगता आलं पाहिजे. एकाच दिशेनं घेतलेल्या फोटोवरून शिवराईचा प्रकार ठरवू नये, असं माझं ठाम मत झालंय. त्यात रेघ दिसली नाही म्हणजे ती नाण्यावर नाही, असं होत नाही.

२३ नोव्हेंबर

रंग. तांबं कधी विटकरी, कधी जांभळट येत होतं. कॅमेऱ्याच्या आपोआप व्हाइट बॅलन्सवर हे होणारच, कारण चौकटभर तांबूस वस्तू दिसली की कॅमेरा तो रंग दाबायला बघतो. छपाईचा पांढरा कागद संदर्भाला धरण्यात अर्थ नाही, त्यात उजळपणासाठी रसायनं असतात. नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप मात्र उत्तम. ती खरोखर रंगहीन पांढरी असते. तिचे पाच-सहा थर एका पुठ्ठ्यावर गुंडाळले, दिव्याखाली ठेवून त्यावर व्हाइट बॅलन्स बांधला. दिवाही बदलला: रंगनिर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा. सगळे फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेले.

काळी मखमल काढून टाकली, तिचे तंतू नाण्यावर चिकटतात. खोडरबरावर उचललेलं नाणं आणि खूप खाली काळा चार्ट पेपर. पार्श्वभूमी धूसर होते आणि कडेभोवती सावली येत नाही.

१ डिसेंबर

चांदीचे रुपये आणि १९४७ चा वाघाचा निकेल रुपया. झळाळत्या नाण्यावर टेबल-लॅम्प टाकला की एक पांढरा डाग आणि बाकी काळोख. यासाठी काचेची युक्ती करायची होती: लेन्स आणि नाणं यांच्यामधे ४५ अंशांत तिरपी काच, दिवा बाजूनं आडवा. काच थोडा प्रकाश सरळ खाली नाण्यावर पाठवते, आणि कॅमेरा काचेतून आरपार पाहतो. प्रकाश जणू लेन्समधूनच उतरतो.

भद्रकालीत काचेच्या दुकानात गेले. फोटोफ्रेमची दोन मिलिमीटरची काच हवी म्हटल्यावर दुकानदार म्हणाले, “ताई, एवढ्याशा तुकड्याला काय करणार? थांबा, कडा घासून देतो, नाहीतर हात कापेल.” पैसे घ्यायलाही तयार नव्हते.

दोन पुठ्ठे विसरायचे नाहीत. एक दिव्याच्या बाजूला खाली, थेट प्रकाश नाण्यावर पडू नये म्हणून. दुसरा, काळा, दिव्याच्या समोरच्या बाजूला. नाहीतर त्या भिंतीचं प्रतिबिंब काचेत उमटून फोटोवर पांढुरका पडदा येतो. काच पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा खाली पाठवते, म्हणून शटर सेकंद-दीड सेकंदावर गेलं.

राणीछाप रुपयाची सपाट जमीन चंदेरी उजळली आणि चेहऱ्याचे, केसांचे उतार गडद झाले. सन आणि ‘वन रुपी’ ही अक्षरं कोरीव काळ्या कडांनी उभी राहिली. शिवराईला मात्र ही पद्धत अजिबात चालत नाही. तिचा पृष्ठभाग खरखरीत, प्रकाश परत लेन्सकडे पाठवणारी सपाटी तिथे उरलेलीच नसते.

१४ डिसेंबर

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावर छातीशी लोंबणाऱ्या पदकात एक छोटा हत्ती आहे. त्याची सोंड आणि पाय इतके आखूड उतरले की लोकांना ते डुक्कर वाटलं, ओरड झाली, आणि १९१२ पासूनच्या नाण्यांवर हत्ती नव्यानं कोरला गेला. तो प्राणी जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. काचेच्या प्रकाशात तो सपाट डागासारखा येतो. टेबल-लॅम्प साडेदहाला, अगदी खाली, आणि ३६ अधिक २० ची ट्यूब लावून फक्त छातीचा भाग घेतला. सोंड दिसली. अप्पांनी आयुष्यभर ज्याची गोष्ट सांगितली, तो हत्ती त्यांनी प्रथमच इतका मोठा पाहिला, आणि नातवालाही बोलावून दाखवला.

२२ डिसेंबर

दुहेरी ठशाची एक शिवराई. हातोड्याचा दुसरा घाव बसताना चकती थोडी फिरली, त्यामुळे ‘राजा’ वर दुसरा ‘राजा’ तिरपा चढलाय. साडेदहाच्या दिव्यात नुसता गुंता. पण दोन ठशांच्या रेघांचे कोन वेगळे आहेत, मग प्रकाशानंच ते वेगळे करता येतील. दिवा ९ वर ठेवून नाणंच थोडंथोडं फिरवलं. एका जागी वरचा ठसा झोपला आणि खालचा उभा राहिला. आणखी फिरवल्यावर उलट. दोन फोटो, दोन वाचनं.

अप्पांना यावरून जोगलटेंभीची आठवण झाली. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. खाली हरलेला क्षत्रप, वर जिंकलेला सातवाहन, एकाच चकतीवर. अशा नाण्यावर दोन्ही राजे वाचता यायला हवेत. अंजनेरीला नाणेशास्त्राच्या अभ्यासासाठी १९८० साली संस्था उभी राहिली, तिथलं संग्रहालय अप्पांना पुन्हा बघायचंय. जानेवारीत थंडी कमी झाली की नेईन.

५ जानेवारी २०२५

फाइलींची नावं पक्की केली: प्रकार, वहीतला क्रमांक, बाजू, दिव्याचा आकडा. उदाहरणार्थ ‘शिवराई-१४-मागे-०९’. प्रत्येक नाण्याच्या पहिल्या फोटोत शेजारी मिलिमीटरची पट्टी, नाण्याच्या माथ्याच्याच उंचीवर. खाली टेबलावर ठेवली तर ती लांब असल्यानं लहान दिसते आणि माप चुकतं. वजनकाटा तपासायला राणीछाप रुपया हाताशी आहेच: एक तोळा, ११.६६ ग्रॅम, झिजलेला असेल तर किंचित कमी.

कॉम्प्युटरवर उजेड-अंधार थोडा सारखा करते, त्यापलीकडे काही नाही. धार वाढवणारं बटण ‘वाचन’ फोटोला लावायचं नाही. झिजलेल्या जागी ते नसलेल्या कडा तयार करतं, आणि मग वेलांटी नाण्यावरची की बटणानं केलेली हे सांगता येत नाही.

अप्पांनी आज ‘वाचन’ रकान्यात शाईनं लिहायला सुरुवात केली. जिथे शंका आहे तिथे अजून पेन्सिल आहे आणि शेजारी दिव्याचा आकडा.

पुढचा गठ्ठा अर्ध्या शिवराईंचा. ३६ ची ट्यूब, खोडरबराचा लहान तुकडा, आणि पट्टी उचलायला काडेपेटीतल्या काड्या.